हंसराज (घरातील संगोपन)

नेचे वर्गातील, अ‍ॅडिअँटम प्रजातीच्या या नाजूक वनस्पतीच्या काही जाती सह्याद्रीत पावसाळ्यात ओलसर कपारींत व विहिरींच्या भिंतींवर आढळतात. घरात कुंडीत लावली जाते ती बहुधा दक्षिण अमेरिकेतील रॅडिअ‍ॅनम ही जाती. काळ्या, चकचकीत, तारेसारख्या देठांवर पंख्याच्या आकाराची पातळ दले असतात आणि त्यांच्या दुमडलेल्या कडांखाली बीजुके, म्हणजे प्रजोत्पादन करणारे सूक्ष्म कण, तयार होतात.

ही पाने पाण्याचा साठा करू शकत नसल्याने माती एकदा जरी पूर्ण सुकली, तरी ती काही तासांत करपतात व पुन्हा टवटवीत होत नाहीत. मात्र मूलक्षोड, म्हणजे मातीलगत आडवे वाढणारे खोड, जिवंत असल्यास वाळलेली पाने बुडापासून कापून माती ओलसर ठेवावी, म्हणजे आवळलेल्या मुठीसारखे गुंडाळलेले नवे कोंब फुटतात. झाड मेले असे समजून ते टाकून देण्याची घाई म्हणूनच करू नये. पानांवर पाणी फवारल्याने मिळणारा ओलावा क्षणिक असतो. त्यापेक्षा कुंडी पाणी व खडे घातलेल्या ताटलीत, पण तळ पाण्याला टेकणार नाही अशी ठेवणे हितकर ठरते. थेट ऊन, पंख्याचा झोत व वातानुकूलित खोलीतील कोरडी हवा या वनस्पतीला मानवत नाही.

कोरड्या हवेवर एक उपाय म्हणजे बंद काचपात्र. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद काचपात्रातील ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला. त्यातून पुढे वॉर्डची काचपेटी विकसित झाली. बंद काचेत ओलावा टिकून राहतो, याच तत्त्वावर आजचे काचेतील बगीचे चालतात.