परत आलेल्या पाण्याचा हिशोब

आंतरराज्य पाणीवाटपाचा अभ्यास करायचा म्हटले की आपल्याकडचा विद्यार्थी आधी कावेरीकडे वळतो, नाहीतर अलमट्टीकडे. दोन्ही अभ्यासावीतच. पण या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मला रावेतच्या बंधाऱ्यावर करायचे आहे. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी इथे उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना देतात. वापरून झालेले पाणी मैलाशुद्धीकरण केंद्रांतून, आणि कितीतरी ठिकाणी नाल्यांतून तसेच, पुन्हा नदीला मिळते. पवना दापोडीजवळ मुळेत जाते, मुळा-मुठा भीमेत. इंद्रायणी देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेला भेटते. चाकणच्या उत्तरेची भामाही भीमेचीच. पुढे उजनी, पंढरपूर, मग कर्नाटकात गाणगापूरचा संगम आणि अखेर रायचूरच्या बाजूला कृष्णा. आळंदीच्या घाटावर उतरणारा वारकरी आणि गाणगापूरला बुडी मारणारा दत्तभक्त, दोघांच्या ओंजळीत एकाच खोऱ्याचे पाणी असते. नकाशावरची सीमा इथून फार लांब आहे, पण पाण्याच्या दृष्टीने आपण सीमेवरच राहतो.

या विषयाचा कायदेशीर पाया थोडक्यात सांगता येतो. आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियम 1956 चा. त्याखाली 1969 मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला. त्याने डिसेंबर 1973 मध्ये अहवाल दिला आणि 1976 मध्ये पुढचा. 75 टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरांतल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेल असे, 2060 टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी मिळाले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2830 कोटी लिटर. लवादाने खोऱ्याचे उपखोऱ्यांत तुकडे पाडले होते. आपले पाणी ‘के-5’, म्हणजे ऊर्ध्व भीमा या उपखोऱ्यातले. दुसरा लवाद न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा. 2004 मध्ये नेमलेला, निर्णय 2010 आणि 2013 चे.

हे आकडे सगळीकडे सापडतात. माझा जीव अडकतो तो बच्छावत लवादाच्या निवाड्यातल्या मोजमापाच्या कलमात. कोणत्या राज्याने किती पाणी ‘वापरले’ हे कसे धरायचे, याचे नियम तिथे आहेत. नगरपालिकेने नदीतून किंवा धरणातून शंभर लिटर उचलले, तर वापर धरायचा वीस लिटर. कारखान्याने शंभर लिटर उचलले, तर अवघे अडीच. उरलेले पाणी नदीला परत मिळते, हे त्यामागचे गृहीत. हिशोबापुरते ते शहाणपणाचे होते. अंघोळीचे आणि धुण्याभांड्यांचे पाणी हवेत विरत नाही, ते गटाराला जाते. शिवाय ज्या वर्षी पहिला अहवाल आला त्या वर्षी पिंपरी-चिंचवड ही तीन वर्षांची नगरपालिका होती. महानगरपालिका व्हायला 1982 उजाडले.

आता हे गृहीत घेऊन नदीकाठी उभे राहा. परत आलेले पाणी किती, याची नोंद या कलमात झाली. ते कशा अवस्थेत परत आले, याचा रकाना तिथे नाही. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो तेव्हा महाराष्ट्राच्या खात्यात ते पाणी ‘न वापरलेले’ असते. साबणाच्या पाण्याचे, मैल्याचे, कारखान्यांच्या सांडपाण्याचे वजन त्या खात्याला जाणवत नाही. ते जाणवते उजनीला, आणि उजनीवर तहान भागवणाऱ्या सोलापूरला. प्रदूषणाचा कायदा आला 1974 मध्ये, वेगळ्या मार्गाने आणि वेगळ्या यंत्रणेकडे. पाणी मोजणारे एका खात्यात बसले, पाणी तपासणारे दुसऱ्यात. माझ्या मते आपल्या विषयातली सर्वांत मोठी पोकळी हीच आहे, आणि तरुण संशोधकांनी काम करावे असे क्षेत्रही हेच.

ही पोकळी भरून काढणे अशक्य नाही. ऱ्हाइन नदीच्या काठच्या देशांनी 1950 मध्येच प्रदूषणासाठी संयुक्त आयोग नेमला होता, पण कामाला खरा वेग आला तो 1 नोव्हेंबर 1986 रोजी बाझलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागून विष नदीत गेल्यावर. आपण तशा आगीची वाट पाहू नये.

सीमा फक्त राज्यांच्या नसतात, हेही या विषयात येणाऱ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे. मुळशीचे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला वीज करून कोकणात उतरते; त्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी केलेला 1921 चा सत्याग्रह आपल्या विषयाचा पूर्वजच आहे. पवनेचे पाणी बंद नळातून शहरात आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ झालेल्या पोलीस गोळीबारात तीन माणसे गेली. एका तालुक्यातला हा प्रश्न दोन राज्यांमधल्या प्रश्नाहून लहान मानू नका. वरच्याने किती घ्यावे आणि खालच्याला काय उरावे, हे मावळच्या शेतकऱ्याने विचारले आणि कलबुर्गीचा शेतकरीही विचारतो. 2025 च्या उन्हाळ्यात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी उजनीतून भीमेत पाणी सोडावे म्हणून महाराष्ट्राला पत्र लिहिले, ते याच प्रश्नापायी.

म्हणून इथे अभियंत्याइतकेच वकिलाचे, रसायनशास्त्रज्ञाचे, कन्नड वाचता येणाऱ्याचे आणि नदीकाठी वाढलेल्या माणसाचे स्वागत आहे. चाकणच्या कारखान्यात पाणीखाते सांभाळणाऱ्याचे तर विशेष. रोज किती पाणी आत आले आणि किती, कसे बाहेर गेले, हे त्याच्याइतके जवळून क्वचितच कुणी पाहते.

बच्छावत लवादाचा अहवाल हाती घ्याल तेव्हा वाटपाच्या आकड्यांवर आधी जाऊ नका. मोजमापाचे कलम उघडा, मग एकदा तुळापूरच्या संगमावर जाऊन इंद्रायणीच्या बाजूचे पाणी पाहून या.