भूसंपादन, सक्तीचे (शिरूर व दौंड तालुके)

सार्वजनिक प्रयोजनासाठी खाजगी जमीन, मालकाची संमती असो वा नसो, मोबदला देऊन शासनाने आपल्या कबजात घेण्याची कायदेशीर प्रक्रिया. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन तालुक्यांत तिची निमित्ते अनेक झाली : 1878 मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग, घोड नदीवरील धरण, कालवे, आणि 1961 च्या औद्योगिक विकास अधिनियमान्वये रांजणगाव व कुरकुंभ येथे वसलेल्या औद्योगिक वसाहती. 1894 च्या भूसंपादन कायद्याची जागा 1 जानेवारी 2014 पासून नव्या केंद्रीय कायद्याने घेतली; मोबदल्याइतकेच दिलासा-द्रव्य व पुनर्वसन ही त्याची मुख्य अंगे होत.

तथापि या भागाचा खरा प्रश्न घेतलेल्या जमिनीपेक्षा राखून ठेवलेल्या जमिनीचा आहे. खेड तालुक्यातील चासकमान व भामा आसखेड या धरणांखाली ज्यांची गावे बुडाली, त्यांना या दोन तालुक्यांतील लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांच्या जमिनीतून ‘स्लॅब’प्रमाणे, म्हणजे खात्याच्या क्षेत्रानुसार ठरलेल्या टप्प्यांनी, वाटा काढून द्यावा, हे महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यांचे तत्त्व आहे; ज्याला पाणी मिळणार त्याने पाण्यासाठी उठलेल्याला जागा द्यावी, यातील न्याय निःसंशय उदात्त आहे. परंतु सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरी ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शिक्का एकदा बसला, की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून खरेदीखत होत नाही, वाटणीचा फेरफार अडतो, आणि भावाभावांनी बांध घालून वर्षानुवर्षे वेगळी कसलेली जमीन कागदावर एकाच खात्यात पडून राहते. पलीकडे धरणग्रस्तांची अवस्था याहून कठीण; भरपाईच्या 65 टक्के रक्कम पर्यायी जमिनीसाठी शासनाकडे भरूनही त्यातील कित्येकांना कबजासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. शिवाय भामा आसखेडचे पाणी 2021 पासून पुणे शहराच्या पूर्व भागास नळाने मिळू लागले, तेव्हा लाभ कोणाचा आणि त्याग कोणाचा, हा हिशेबच नव्याने मांडणे प्राप्त झाले.

नगरपरिषदांच्या हद्दीत स्थिती निराळी आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे विकास आराखड्यातील आरक्षित जागा दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकास नोटीस देता येते, आणि त्यानंतरच्या ठरीव मुदतीत शासनाने पावले न उचलल्यास आरक्षण आपोआप रद्द होते. शिरूर वा दौंड शहरातील भूखंडधारकाला लाभलेला हा मुदतबंद हक्क शिवारातील शिक्केदार खातेदारालाही तितक्याच स्पष्ट शब्दांत मिळावा, आणि त्याआधी धरणग्रस्ताचा कबजा पुरा व्हावा.