खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत : छपाईचे हत्यार कोणाच्या हातात?

आंबेडकरी चळवळीचा इतिहास सांगताना आपण सत्याग्रह, परिषदा आणि भाषणे सांगतो. महाडचे तळे, काळारामाचा दरवाजा, नागपूरची दीक्षाभूमी. ते योग्यच आहे. पण या प्रत्येक लढ्याच्या मागेपुढे कागद छापले गेले होते. पत्रक, अंक, पुस्तिका, अहवाल. ते कागद कोणी जुळवले, कोणाच्या छापखान्यात छापले आणि त्याचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात फारसा येत नाही. आमच्या मते तो दुय्यम नाही. विचार कितीही धारदार असला तरी तो कागदावर उतरवण्याचे साधन परक्याच्या हातात असेल, तर शेवटचा शब्द परक्याचाच राहतो.

आधी त्या साधनाचे स्वरूप समजून घेऊ. शिशाच्या खिळ्यांच्या काळात रोमन लिपीला २६ अक्षरांचे लहानमोठे संच पुरत. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधायचा, ओळींचे पान व्हायचे, छपाई झाली की खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. भांडवल, जागा आणि कुशल हात या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे, त्याचाच छापखाना. ज्या समाजाला पाटीला हात लावू दिला नाही, त्याच्याकडे छापखाना कुठून येणार?

म्हणून बहुजनांच्या पत्रकारितेचा इतिहास हा साधनांच्या टंचाईचा इतिहास आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवले. १८८३ साली जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' याच पत्रात क्रमशः येऊ लागला आणि सुरुवातीच्या प्रकरणांनंतर थांबला. सत्यशोधकांच्या स्वतःच्या पत्रालाही जोतीरावांचा शब्द पेलला नाही. राजद्रोहाची भीती, पत्र बंद पडण्याची भीती ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण त्यातून एक धडा मिळतो : पत्र आपले असणे पुरेसे नसते, ते निर्भय राहील इतकी त्याची आर्थिक पायाभरणी आपली असावी लागते.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केलेले असतानाही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. त्या नकाराकडे आम्ही केवळ एका संपादकाचा कोतेपणा म्हणून पाहत नाही. छापखाना, वितरण आणि वाचक ज्यांच्या ताब्यात, ते दार कसे बंद करू शकतात, याचे ते उदाहरण आहे.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. बॅरिस्टर असलेला, कोर्ट आणि चळवळ सांभाळणारा हा माणूस एकेका अंकाचे चोवीस रकाने एकहाती लिहीत होता. पण ते लिहिण्यावर थांबले नाहीत, त्यांनी 'भारत भूषण' हा छापखाना उभा केला. पुढे 'जनता' आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. छापखानाही पुढे 'बुद्धभूषण' नावाने ओळखला गेला. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रात्रीच्या अंधारात पाडले गेले तेव्हा हा छापखानाही उद्ध्वस्त झाला आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. लोकांना कळत होते की त्या यंत्रांत चळवळीची स्मृती आहे.

आता दुसरी कथा पाहू. १९८५ साली अमेरिकेत तीन गोष्टी एकत्र आल्या : ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक, पोस्टस्क्रिप्ट समजणारा लेझर प्रिंटर आणि अल्डस कंपनीचे पेजमेकर. जुळाऱ्याचे आणि पान बांधणाऱ्याचे काम एका टेबलावर आले. भारतात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान, श्री-लिपी यांसारखी सॉफ्टवेअर आली आणि तालुक्याच्या गावी डीटीपीची दुकाने निघाली. १४ एप्रिलचे विशेषांक, वर्षावासाची पत्रके, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका यांना यामुळे बळ मिळाले. ज्याला छापखाना परवडत नव्हता तो पान स्वतः बांधू लागला. आम्ही याला साधनांचे लोकशाहीकरण म्हणतो.

पण या लोकशाहीत एक कुलूप होते. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. तो फॉन्ट नसेल तर 'समता' हा शब्द निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. शोध घेता येत नाही, दुसरीकडे चिकटवता येत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. इनडिझाइनच्या सीएस६ नंतरच्या आवृत्त्या त्या फायली उघडत नाहीत. म्हणजे आपल्या एका पिढीचे लेखन सीडीवर आणि जुन्या हार्डडिस्कवर आहे, पण वाचता येत नाही. वाळवीने खाल्लेल्या कागदात आणि न उघडणाऱ्या फायलीत फरक काय?

म्हणून जयंतीचा अंक, पत्रक किंवा पुस्तिका करणाऱ्या तरुणांना आमच्या काही व्यवहारी सूचना आहेत.

एक, मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, पण नंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. जोडाक्षरे आणि रफार तिथेच बिघडतात.

दोन, इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर वेलांटी चुकीच्या जागी बसते. परवाना परवडत नसेल तर चोरीची प्रत नको. स्क्रायबस मोफत आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळते. मुक्ता, नोटो, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्टही मोफत आहेत. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

तीन, देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात. ११ पॉइंटच्या मजकुराला १५-१६ पॉइंटचे ओळअंतर द्या. आपले ज्येष्ठ वाचक चष्मा लावून वाचतात, हे विसरू नका. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट नको, शब्दांमध्ये खड्डे पडतात.

चार, शीर्षक, उपशीर्षक, मजकूर यांच्या स्टाइल आधी ठरवा, पृष्ठक्रमांक मास्टर पानावर टाका. मधोमध पिन मारायची पुस्तिका असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी.

पाच, व्हॉट्सॲपवर आलेले छायाचित्र छापू नका. छापायच्या आकारात ३०० डीपीआय लागते. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवा, कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला तीन मिलिमीटर जादा जागा सोडा आणि फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ छापखान्याला द्या.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे : बाबासाहेबांचे अवतरण खंड आणि पृष्ठ पाहिल्याशिवाय छापू नका. सुंदर मांडणीत बसवलेले खोटे वाक्य साध्या अफवेपेक्षा जास्त घातक असते, कारण ते खरे वाटते. प्रत्येक प्रकाशनावर प्रकाशक, मुद्रक, वर्ष आणि आवृत्ती लिहा. उद्याच्या संशोधकाला त्यावरूनच काळ कळणार आहे.

काही तरुण म्हणतात, आता रील्सचा जमाना, छापील कोण वाचतो? त्यांना आमचा प्रतिप्रश्न आहे. 'मूकनायक' आज शंभर वर्षांनंतर आपल्याला वाचता येते, ते छापून जपले गेले म्हणून. तुमचे रील एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर आहे. खाते बंद झाले की इतिहास बंद. पडद्यावर जरूर बोला, पण त्याची छापील नोंदही ठेवा.

तेव्हा काम ठरवून घेऊ. प्रत्येक शाखेने, प्रत्येक बुद्धविहाराने यंदा एक जुना अंक किंवा पुस्तिका निवडावी, लेखकाची किंवा वारसांची संमती घ्यावी, ती युनिकोडमध्ये आणावी, दोघांनी मुद्रिते तपासावीत, आणि साधा मजकूर, मूळ फाइल व पीडीएफ अशा तीन रूपांत तीन ठिकाणी ठेवावी. मुलामुलींना विहारात संगणक शिकवत असाल तर टायपिंगपाशी थांबू नका, पान बांधायला शिकवा. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणी दिली तसा छापखानाही दिला होता. तो चालवणारे हात घडवणे हे आपले काम आहे.

जय भीम!