निरोगी स्मृतीचे माप

स्मरणशक्तीची चाचणी म्हटले की डोळ्यांसमोर आजारी माणूस येतो. विसरणे वाढले, घरच्यांनी डॉक्टरांकडे नेले, मग आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करा, असे प्रश्न. तीस गुणांची ही ‘मिनी मेंटल’ चाचणी १९७५ पासून जगभर वापरात आहे आणि नेमलेले काम ती बऱ्यापैकी करते. पण नोकरी करणाऱ्या, महिन्याचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या पन्नाशीच्या बाईला ती दिली, तर बाई तीसपैकी तीस नाहीतर एकोणतीस गुण मिळवून उठते. तिच्यामागून आलेलीही तेवढेच मिळवते. दोघींच्या स्मृतीत फरक असला तरी या मापाला तो दिसत नाही. पुढची प्रकरणे निरोगी माणसांची स्मृती मोजणाऱ्या ज्या शाखेची ओळख करून देतात, तिचे काम इथून सुरू होते.

हा फरक दिसावा अशी निकड अलीकडे वाढली. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचू लागते ते लक्षणे उमटण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी. म्हणजे आजाराची सुरुवात गाठायची तर धडधाकट माणसांकडेच जायला हवे. बार्सिलोनात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. १९९२च्या ऑलिंपिकच्या वेळी त्या शहराचे महापौर असलेले पास्क्वाल मारागाल यांनी २००७ मध्ये आपल्याला अल्झायमर असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधनाला वाहिलेली संस्था उभी राहिली. तिच्या ‘आल्फा’ अभ्यासात ४५ ते ७४ वयाचे २,७४३ निरोगी लोक आले; त्यांतल्या बहुतेकांच्या आईला किंवा वडिलांना हा आजार झालेला. त्यांना द्यायची चाचणी स्पॅनिश आणि कातालान, दोन्ही भाषांत लागणार होती.

निवड झाली ती न्यूयॉर्कच्या हर्मन बुश्के यांच्या ‘मेमरी बाइंडिंग टेस्ट’ची. तिची रचना पाहण्यासारखी आहे. सोळा शब्द दाखवायचे आणि प्रत्येकाचा गट सांगायचा. ‘यांतला पक्षी कोणता?’ असे विचारले की समोरच्याने शोधून म्हणायचे, ‘घुबड’. (चाचणीतले खरे शब्द छापायचे नसतात, हे उदाहरण माझे.) मग दुसरी यादी: गट तेच सोळा, शब्द नवे. घुबडाच्या जागी आता कबुतर. खरी कसोटी यानंतरची. ‘पक्षी’ एवढेच म्हटल्यावर दोन्ही पक्षी आठवायला हवेत. एकाच खुंटीला दोन वस्तू अडकवल्या की एक घसरते, आणि निरोगी माणसाचीही घसरते. म्हणून इथे पैकीच्या पैकी गुणांची गर्दी होत नाही. शिवाय शिकताना जो संकेत दिला तोच आठवताना दिला जातो, त्यामुळे ‘माझे लक्षच नव्हते’ ही पळवाट बरीचशी बंद होते. शिकतानाचा संकेतच आठवताना उपयोगी पडतो, हा टुल्विंग आणि थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेला विचार इथे कामाला लावलेला दिसतो.

अशी चाचणी दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे शब्दकोश उघडून बसणे नव्हे. गटातला पहिल्या झटक्यात सुचणारा शब्द घेतला तर लोक न आठवताही अंदाजाने बरोबर सांगतात. फार अनोळखी घेतला तर स्मृतीऐवजी शब्दसंग्रह मोजला जातो. माद्रिदमध्ये पीचला जो शब्द आहे तो मेक्सिकोत नाही, त्यामुळे ‘स्पॅनिश भाषकांची चाचणी’ असे वाचले की कोणत्या देशाच्या, हे आधी विचारावे. कातालान घरात वाढलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. फ्रँकोच्या राजवटीत शाळा स्पॅनिशमधून झाली, त्यामुळे घरी एका भाषेत बोलणारा माणूस वाचतो सहजपणे दुसरीत. आणि चाचणीत शब्द तर वाचायचेच असतात. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असलेल्या गोव्यातल्या वाचकाला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बोधनक्षमता-चाचण्यांचा संच २०२० मध्ये आला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत. मराठी त्या पाचांत नव्हती.

विश्वसनीयतेचे गणित त्या मानाने सरळ आहे: तोच माणूस पुन्हा बसवला की गुण साधारण तेच यावेत. वैधता, म्हणजे चाचणी जे मोजायचे तेच मोजते का हा प्रश्न, मात्र छळते. रुग्णांची चाचणी असेल तर रुग्ण आणि निरोगी वेगळे पडले की बरेच काम झाले. इथे सगळेच निरोगी. वेगळे करायचे कोणाला? म्हणून पुरावा आजूबाजूने गोळा करावा लागतो, म्हणजे स्मृतीच्या इतर चाचण्यांशी मेळ आणि मेंदूच्या प्रतिमांशी व पाठीच्या कण्यातल्या द्रवाच्या तपासण्यांशी नाते. माझ्या मते नवशिक्याने सर्वांत जास्त संशय धरावा तो ‘निरोगी’ या शिक्क्यावर. ज्यांच्या गुणांवरून प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठीचे सर्वसाधारण गुण, ठरतात, त्यांच्यातल्याच काहींच्या मेंदूत अमायलॉइड साचलेले असते. ते गाळले नाहीत तर सरासरी गुपचूप खाली सरकते आणि उंबरठ्यावरचा माणूस ‘ठीक’ ठरतो.

वय आणि शिक्षण यांची सरमिसळही अशीच फसवी. स्पेनमध्ये चौदाव्या वर्षापर्यंतचे सक्तीचे मोफत शिक्षण १९७०च्या कायद्याने आले. त्यामुळे १९५० आणि १९६५ मध्ये जन्मलेल्यांत पंधरा वर्षांचे अंतर आहेच, शिवाय शाळेचेही आहे. साठीतल्या माणसाचे गुण कमी आले तर त्यातले वयाचे किती आणि न मिळालेल्या वर्गांचे किती? प्रमाणके म्हणूनच वय, शिक्षण आणि लिंग यांनुसार दुरुस्त केली जातात. शाब्दिक स्मृतीत स्त्रिया सरासरीने पुढे असतात.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात तीच माणसे काही वर्षांनी पुन्हा चाचणीला बसतात, तेव्हाच्या आकडेमोडीची चर्चा आहे. दुसऱ्या वेळी गुण वाढतात, कारण चाचणी ओळखीची झालेली असते. पूर्वी ही वाढ त्रासदायक समजून वजा केली जाई. आता काही संशोधक तिच्याकडेच लक्ष देतात: ज्याला सरावाचा फायदा व्हायला हवा होता आणि झाला नाही, त्याचे गुण घटलेले नसले तरी तो पुढच्या तपासणीसाठी निवडला जातो.