कर्ता नसलेले क्रियापद

देवस्थानाच्या वार्षिक सभेत वृत्तान्त वाचला जात असता एक इंग्रजी क्रियापद हल्ली वारंवार कानी पडते : ‘डिटेरिओरेट’. मंडपाचे छप्पर डिटेरिओरेट झाले, तळीचे पाणी डिटेरिओरेट झाले. इतकेच नव्हे, तर उत्सवातील उपस्थितीही डिटेरिओरेट होत चालली आहे, असे आपण सहज बोलून जातो. परकीय शब्द भाषेत येऊच नये, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. पाव, बटाटा, चावी हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आपल्या घरात केव्हाच नांदू लागले आहेत. पण त्यांनी वस्तूंना नावे दिली. हे क्रियापद मात्र एक गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवते, आणि इतिहासाच्या दृष्टीने ती गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे.

लॅटिन भाषेत ‘डेटेरिओर’ म्हणजे अधिक वाईट. त्यापासून झालेले क्रियापद मुळात सकर्मक होते. ‘अधिक वाईट करणे’ हा त्याचा अर्थ. इंग्रजीतही आरंभी ते तसेच वापरले गेले. पुढे अकर्मक उपयोग रूढ झाला, आणि ‘कोणीतरी बिघडविले’ याच्या जागी ‘आपोआप बिघडत गेले’ एवढेच उरले. मराठीत आपण त्याला ‘होणे’ जोडतो, तेव्हा कर्त्याचा उरलासुरला मागही पुसला जातो.

या पुसट होण्याने काय हरवते, हे पाहण्यासाठी आपण किनाऱ्यापासून दूर, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, तिरोडीस जाऊ. भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून रेल्वेची शाखा जिथे जाते, ते हे मँगनीजच्या खाणीचे गाव. येथील व्यापाराचा इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर ‘१९३० नंतर मँगनीजचा धंदा खालावला’ असे सांगता येईल. ते खोटे नाही. हिंदुस्थानचे मँगनीज-उत्पादन १९२७ साली ११ लाख टनांहून अधिक होते. १९३२ साली ते सुमारे २ लाख टनांवर आले, आणि या उत्पादनात मध्य प्रांताचा वाटा सर्वांत मोठा होता. परंतु डोंगरातील खनिज त्या पाच वर्षांत संपले नव्हते, की त्याचा कसही उतरला नव्हता. १९२९ च्या जागतिक मंदीने युरोप-अमेरिकेतील पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या. त्यात रशियाच्या मँगनीजने बाजारात स्पर्धा मांडली. भाव कोसळले, आणि मध्य प्रांतातील अनेक खाणी बंद ठेवण्यात आल्या. खाणी स्वतः बंद होत नाहीत. ते निर्णय होते, आणि त्यांचा भार पडला तो रोजंदारीवर पोट असलेल्या मजुरांवर. ‘धंदा खालावला’ या शब्दांत ना ती भट्टी दिसते, ना तो मजूर.

भाषेचेही तसेच. या सीमाभागात मराठी क्षीण झाली, असे आपण हळहळून म्हणतो. पण १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि हिंदीबरोबर मराठीही राज्यभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्या राज्याच्या कारभारातील मराठीचे जुने स्थान गेले, ते हळूहळू झिजून नव्हे. त्यास दिनांक आहे, कायदा आहे. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न; पण तो निर्णय होता, ऋतुमान नव्हे.

याच तिरोडीने खनिजशास्त्रास एक नाव दिले होते. येथे सापडलेल्या मँगनीजयुक्त खनिजास डन आणि रॉय या भूशास्त्रज्ञांनी १९३८ साली ‘तिरोडाइट’ म्हटले. १९९७ साली आंतरराष्ट्रीय समितीने त्या वर्गातील नावांची फेररचना केली, त्यात हे नाव वगळले गेले. येथे मात्र कोणी ‘नाव डिटेरिओरेट झाले’ असे लिहिले नाही. कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी वगळले, याची स्वच्छ नोंद आहे. एका दगडाच्या नावाबाबत जी दक्षता घेतली जाते, ती आपण आपल्या देवळांच्या इतिहासाबाबत घेतो काय?

गोमंतकाचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. कुशस्थळीहून श्रीमंगेश १५६० साली प्रियोळास आले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. साष्टीतील ती मूळ मंदिरे काळाच्या ओघात जीर्ण झाली नव्हती. ती पोर्तुगीज सत्तेने पाडली. ‘जुनी मंदिरे नामशेष झाली’ असे लिहिणारा असत्य लिहीत नाही, पण तो पाडणाराही सांगत नाही आणि रात्रीतून मूर्ती हलविणारे भक्तही. तसेच, कवळ्याचे आजचे मंदिर ‘उभे राहिले’ एवढ्याने भागत नाही. शाहू महाराजांच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या प्रयत्नाने ते बांधले गेले. अपकर्त्याचे नाव गाळण्याची सवय लागली, की उपकर्त्याचेही नाव गळते.

जे खरोखर हळूहळू बिघडते, त्यासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. सहाण झिजते, वस्त्र विरते, रंग विटतो, वासा कुजतो, लोखंड गंजते, भिंत ढासळते, झरा आटतो, जमिनीचा कस उतरतो, प्रकृती खालावते. कोंकणीत ‘इबाडलें’ म्हटले, की कोणी इबाडले, हा प्रश्न लगोलग ओठांवर येतो. यांतील प्रत्येक शब्द बिघाडाची रीत सांगतो, म्हणून उपायही सुचवितो. वासा कुजला तर ओल कोठून आली ते पाहावे. झरा आटला तर गाळ काढावा. सहाण झिजली तर मात्र दुःख करू नये, कारण तिची झीज पूजेतच झाली आहे. ‘डिटेरिओरेट’ म्हटल्याने या तिन्ही गोष्टी एकाच रकान्यात जातात आणि पुढील सभेपर्यंत तिथेच राहतात.

आपल्या परंपरेने ‘जीर्ण’ या शब्दास ‘उद्धार’ हा शब्द जोडून दिला आहे. तो जोड सार्थ करावयाचा, तर यंदाच्या वृत्तान्तात एवढेच करावे : छप्पर गळते, तर कोठे गळते, कधीपासून गळते, आणि कौले परतावयाचे कोणाकडून राहिले, हे साध्या मराठीत किंवा कोंकणीत लिहावे. पन्नास वर्षांनी ती वही उघडणाऱ्यास त्यात इतिहास सापडेल.