कपाशीच्या संकरित बियाण्याची वाटचाल

कपाशीचे जगातील पहिले व्यापारी संकरित वाण भारतात तयार झाले. सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातील डॉ. चंद्रकांत पटेल यांचे ‘एच-4’ 1970 मध्ये शेतात आले. पाठोपाठ 1972 मध्ये धारवाडच्या डॉ. कटारकी यांचे ‘वरलक्ष्मी’ आले. मक्याचे संकर त्याआधीच जगभर रुजले होते. दक्षिण ऱ्होडेशियात ‘एसआर-52’ 1960 पासून पेरले जात होते, आणि भारतातही 1961 मध्ये गंगा, रणजित, डेक्कन हे मक्याचे संकर आले.

कपाशी मागे राहिली ती तिच्या फुलाच्या रचनेमुळे. मक्याचा तुरा शेंड्यावर आणि कणीस खाली असते, त्यामुळे मादी ओळींतले तुरे वेळेवर उपटले की निम्मे काम झाले. कपाशीचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर मात्र एकाच फुलात असतात. म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसह पुंकेसरांची नळी अलगद सोलायची आणि आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळी नर ओळींतली ताजी फुले आणून त्यांचे पराग त्यावर घासायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. एक कळी चुकली तर त्या बोंडात स्वपरागित सरकी भरते आणि बियाण्याची शुद्धता जाते. हंगामभर हजारो फुलांवर हेच काम, आणि ते करणारे हात बहुतेक बायकांचे. मजुरी महाग असलेल्या अमेरिकेत ही पद्धत परवडली नाही, भारतात ती चालली. संकरित कपाशीच्या यशामागे संशोधकांइतकाच या मजूर बायकांचा वाटा आहे, आणि तो फार कमी वेळा सांगितला जातो.

विदर्भाच्या दृष्टीने 1976 हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली आणि अकोल्याला महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांची महिको 1964 पासून काम करत होती. 1980 च्या दशकात अकोल्याच्या ‘पीकेव्ही हायब्रीड-2’ने आणि नांदेडच्या ‘एनएचएच-44’ने कोरडवाहू कापूसपट्ट्यात बस्तान बसवले.

संकरित वाण येण्यापूर्वी बियाणे विकत घेण्याचा प्रश्न फारसा नव्हता. जिनमधून सरकी घरी यायची, तिचे तंतू बसावेत म्हणून ती शेणमातीत घोळायची आणि पेरायची. संकरित झाडाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो, म्हणून दर पेरणीला नवे पाकीट घेणे भाग पडले. मार्च 2002 मध्ये बोंडअळीला रोखणारे जनुक असलेल्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली तीही तीन संकरित वाणांनाच. पुढे बीटी म्हणजे संकरित असेच समीकरण झाले. अमेरिका, ऑस्ट्रेलियात बीटी जनुक सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत होते, भारतात मात्र कपाशीचे जवळजवळ सारे क्षेत्र संकरांनी व्यापले.

बियाणे महाग असल्याने शेतकरी ते दूर दूर टोकतो. 90 बाय 60 सेंटिमीटर अंतरावर हेक्टरी साडेअठरा हजार झाडे बसतात. ही झाडे पसरतात, उशिरापर्यंत बोंडे धरतात. हलक्या जमिनीत तोवर ओल संपलेली असते, आणि लांबलेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीचे फावते. म्हणूनच नागपूरच्या संस्थेने बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणांची सघन लागवड पुढे आणली. 90 बाय 15 सेंटिमीटरवर हेक्टरी सुमारे 74 हजार झाडे बसतात, आणि प्रत्येक झाडाने मोजकीच बोंडे दिली तरी हिशेब जुळतो. इतके बियाणे पाकिटांच्या भावाने घेणे कोरडवाहू शेतकऱ्याला जड जाते. सूरज, रजत यांसारख्या सरळ वाणांत बीटी जनुक आणले गेले ते याच कारणाने. या वाणांची सरकी शेतकऱ्याला घरी राखून पुढच्या मृगात पुन्हा पेरता येते.