प्रो-ट्रे बी पेरणी यंत्र : स्टेपर मोटर आणि पीएलसीची जुळणी

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत स्टेपर मोटर आणि पीएलसी हे रोजच्या वापरातले शब्द आहेत. हेच तंत्र आता भाजीपाला रोपवाटिकेतील बी पेरणी यंत्रातही आढळते. पुणे-नाशिक रस्त्यालगत खेड, आंबेगाव, जुन्नर भागात रोपवाटिका चालवणाऱ्यांना त्याची दुरुस्ती जवळच्या औद्योगिक पट्ट्यात होऊ शकते. मात्र दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र कळते, बी कळतेच असे नाही. म्हणून यंत्राचे काय तपासायचे, हे रोपवाटिकाधारकाला माहीत असायला हवे.

चूक झाली तर काय होते?

संकरित बियाणे महाग असते आणि प्रत्येक कप्प्यात एकच बी टाकायचे असते. ट्रे काही मिलिमीटर पुढे-मागे थांबला, तर बी खळग्यात न पडता कडेला किंवा दोन कप्प्यांमधील भिंतीवर पडते. कडेचे कोकोपीट लवकर सुकते, उगवण असमान होते. टोमॅटोत ही चूक पाच-सहा दिवसांनी, उगवण दिसू लागल्यावर कळते. तोपर्यंत शेकडो ट्रे भरून झालेले असतात. पुन्हा पेरलेली रोपे आठवडाभर मागे पडतात आणि शेतकऱ्याला दिलेली लागवडीची तारीख चुकते.

यंत्र कसे चालते?

ट्रे दातेरी पट्ट्यावरील गाड्यावर बसतो. पीएलसी ड्राइव्हला पल्स पाठवतो, ड्राइव्ह मोटरला तेवढ्या स्टेप फिरवतो आणि ट्रे एक ओळ पुढे सरकतो. ट्रे थांबल्यावर वरच्या सुया त्या ओळीत बी सोडतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साधी स्टेपर मोटर सांगितलेल्या स्टेप फिरायचा प्रयत्न करते, पण खरोखर फिरली की नाही हे पीएलसीला कळवत नाही. गाडा अडकला तरी पीएलसीच्या हिशेबात ट्रे पुढे गेलेलाच असतो. पुढील सर्व काळजी याच कारणासाठी आहे.

पल्सचा हिशेब

नेहमीची स्टेपर मोटर एका स्टेपमध्ये १.८ अंश फिरते, म्हणजे एका फेऱ्यात २०० स्टेप. ड्राइव्हवर मायक्रोस्टेप ८ ठेवल्यास एका फेऱ्याला १,६०० पल्स लागतात. पुलीला २० दाते आणि पट्ट्याच्या दोन दातांतील अंतर ५ मि.मी. असेल, तर एका फेऱ्यात गाडा १०० मि.मी. सरकतो. म्हणजे १ मि.मी.साठी १६ पल्स.

आता ट्रे मोजा. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये लांबीच्या दिशेने १४ ओळी असतात. एकाच कप्प्याचे माप घेऊन १४ ने गुणू नका. पहिल्या ओळीच्या मध्यापासून शेवटच्या ओळीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून १३ ने भागा. समजा हे अंतर ४९७ मि.मी. भरले, तर दोन ओळींतील अंतर ३८.२३ मि.मी. येते. ते नुसते ३८ धरले, तर शेवटच्या ओळीवर ३ मि.मी.ची चूक साचते.

४९७ मि.मी.साठी एकूण ७,९५२ पल्स लागतात, म्हणजे प्रत्येक ओळीला सुमारे ६११.७. अपूर्णांक साचू नये म्हणून 'आहे तिथून इतके पुढे' असा आदेश न देता, प्रत्येक ओळीची जागा शून्य बिंदूपासून मोजून द्यायला सांगा. ट्रेचा उत्पादक बदलला की माप पुन्हा घ्या.

जोडणी करताना

- पीएलसीचे आउटपुट ट्रान्झिस्टर प्रकारचे असावे. रिले आउटपुट इतक्या वेगाने पल्स देऊ शकत नाही.
- काही ड्राइव्हचे सिग्नल ५ व्होल्टचे असतात, तर पीएलसी २४ व्होल्ट देतो. अशा वेळी ड्राइव्हच्या माहितीपत्रकात दिलेला रेझिस्टर मध्ये जोडावा.
- मोटरवर लिहिलेल्या करंटनुसार ड्राइव्हचे स्विच ठेवावेत. करंट कमी पडला तर ताकद कमी मिळते, जास्त झाला तर मोटर तापते.
- पंप आणि स्टार्टरच्या वायरीपासून पल्सची वायर दूर ठेवावी. शील्डची केबल वापरावी आणि अर्थिंग नीट करावे.
- वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये. ड्राइव्ह जळू शकतो.
- पॅनेल धूळ व ओलाव्यापासून बंदिस्त असावे. फॉगरखाली बसवू नये.

वेग एकदम वाढवू नका

स्टेपर मोटरची ताकद वेग वाढेल तशी कमी होते. एकदम पूर्ण वेग दिला तर मोटर नुसती गुरगुरते किंवा स्टेप चुकते. सुरुवात प्रति सेकंद २,००० पल्सने करा, म्हणजे गाड्याचा वेग सेकंदाला १२५ मि.मी. राहतो. हा वेग गाठायला आणि थांबायला प्रत्येकी ०.१५ सेकंद दिल्यास एक ओळ साधारण अर्ध्या सेकंदात सरकते. चाचणी नीट झाल्यावरच वेग वाढवावा.

चाचणी रिकाम्या ट्रेवर घेऊ नका. ओल्या कोकोपीटने भरलेला ट्रे बराच जड असतो. हलक्या ट्रेवर बिनचूक चालणारे यंत्र भरल्या ट्रेवर स्टेप चुकू शकते.

प्रत्येक ट्रेला शून्य बिंदू

ट्रॅकच्या सुरुवातीला प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवावा आणि गाडा त्याच्याकडे दर वेळी एकाच दिशेने, हळू यावा. दिवसातून एकदा नव्हे, प्रत्येक ट्रेनंतर शून्य बिंदू घ्यावा. वीज गेल्यास किंवा ड्राइव्ह बंद केल्यास मोटर सैल सुटते आणि गाडा हाताने हलू शकतो. त्यामुळे वीज परत आल्यावर शून्य बिंदू घेतल्याशिवाय पेरणी सुरू होणार नाही, अशी अट प्रोग्रॅममध्येच असावी.

याच सेन्सरचा आणखी एक उपयोग करून घ्या. गाडा परत आल्यावर पीएलसीच्या हिशेबातला शून्य आणि सेन्सरचा शून्य यात १६ पल्सपेक्षा, म्हणजे १ मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल, तर भोंगा वाजून यंत्र थांबावे. यामुळे शंभर ट्रे वाया जाण्याऐवजी एकच ट्रे तपासावा लागतो.

दोष कसा ओळखावा?

- पहिल्या ओळीपासून चूक हळूहळू वाढते : हिशेब किंवा ट्रेचे माप चुकले आहे.
- मध्येच एकदम २ किंवा ४ मि.मी.ची उडी : मोटर स्टेप चुकली आहे. ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत चुकते आणि वरील पुलीवर चार स्टेप म्हणजे २ मि.मी. होतात. ट्रॅक साफ करा, वेग कमी करा, करंट तपासा.
- कोणतीही ठरावीक पट नसलेली चूक : पुलीचा ग्रब स्क्रू सैल असू शकतो, पट्टा ढिला असू शकतो किंवा ट्रे गाड्यावर नीट बसलेला नसतो.
- सर्व ओळी सारख्याच पुढे किंवा मागे : सेन्सर हलला आहे. त्याची जागा किंवा प्रोग्रॅममधील सुरुवातीचे अंतर दुरुस्त करा.
- बी ठीक पडते पण खळगा बाजूला : खळगा पाडणारा भाग आणि सुया यांच्यातील अंतर हे दोन ओळींतील अंतराच्या पूर्ण पटीत नाही. ही चूक पीएलसीने सुधारत नाही, पट्टी सरकवूनच दुरुस्त करावी लागते.

मोटर हाताला चांगलीच गरम लागणे हा दरवेळी दोष नसतो. तरीही ड्राइव्हमध्ये थांबल्यावर करंट अर्धा करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी.

हंगामापूर्वीची चाचणी

उगवणक्षमता गेलेले जुने टोमॅटो बी घ्या. कोकोपीट भरून ओले केलेले २० ट्रे सलग चालवा. प्रत्येक ट्रेची पहिली, सातवी आणि चौदावी ओळ पाहा. तिन्ही ओळींत बी खळग्याच्या मध्यात पडले तरच चालू हंगामाचे बी यंत्रात भरा. त्यानंतरही रोज सकाळी पहिला ट्रे डोळ्यांनी तपासा.

नवीन यंत्र घेत असाल, तर विक्रेत्याकडून पीएलसी प्रोग्रॅमची प्रत, जोडणीचा नकाशा आणि ड्राइव्हच्या स्विचची नोंद लेखी घ्या. जागा स्वतः तपासणारी क्लोज्ड लूप स्टेपर मोटर थोडी महाग पडते, पण दररोज शेकडो ट्रे भरणाऱ्या रोपवाटिकेने तिचा विचार जरूर करावा. लहान रोपवाटिकेत मात्र बरोबर माप, मर्यादित वेग आणि प्रत्येक ट्रेला शून्य बिंदू या तीन गोष्टी पाळल्या, तर साध्या स्टेपर मोटरवरही काम भरवशाचे होते.